केसांना वळण

पिंजू हे तिचं खरं नाव नव्हतं. शाळेत पहिल्या आठवड्यात ते चिकटलं आणि महिन्याभरात घरीही तेच झालं. कापूस पिंजून ठेवावा तसे केस होते तिचे. राठ, कोरडे, कुठल्याच बाजूला न पडणारे. सकाळी तेल चोपडून दोन वेण्या घट्ट आवळल्या, तरी दुसऱ्या तासापर्यंत कपाळावरून, कानांमागून एकेक करत बाहेर यायचे. ती खिडकीशी बसली की उजेडात डोक्यातून धूर निघतोय असं दिसायचं. मागच्या बाकावरच्या मुली तिच्या केसांत पेन्सिलीचे तुकडे खोचायच्या आणि तिला पत्ताही लागायचा नाही. संध्याकाळी आई वेण्या सोडायची तेव्हा कधी दोन तुकडे निघायचे, कधी पाच. एकदा खोडरबर निघालं. आई म्हणाली, "चला, या वर्षी वह्या-पुस्तकं तेवढी घ्यायची राहिली."

आईचे केस हुबेहूब तसेच होते. मायलेकी रस्त्याने चालल्या की लांबूनच ओळखू यायच्या. वडील लवकर गेले होते, घरात दोघीच. आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे डगले, कुणाकुणाचे कडक कॉलरचे शर्ट. दिवसभर वाफेत उभं राहून संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचे केस सकाळच्या दुप्पट फुललेले असायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. पिंजूला मात्र वाटायचं. आईला शाळेच्या फाटकाशी उभी बघितली की ती मुद्दाम पाणी प्यायला मागे थांबायची, बाकीच्या मुली पांगेपर्यंत.

नववीत असताना शाळेत कुणी मोठे पाहुणे येणार होते. समूहगीतात पिंजू पहिल्या ओळीत होती, कारण आवाज बरा होता. तालमीच्या दिवशी बाईंनी तिला शेवटच्या ओळीत पाठवलं. "आवाज काय, मागूनही येईल," म्हणाल्या. ती घरी येऊन जेवली नाही. आईने बरंच खोदून विचारल्यावर सगळं बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड पांघरूण चौघडी करून टाकलं आणि तिला बाजूला खुर्चीत बसवून डोकं आडवं ठेवायला लावलं. केस टेबलावर पसरले, त्यांच्यावर पातळ सुती फडकं घातलं, इस्त्रीला ओलं बोट लावून बघितलं. "हलू नकोस. कान भाजेल." मग लाँड्रीत कॉलर करते तशी सावकाश, टोकांपर्यंत इस्त्री ओढत नेली. जळकट वास आला. बट बट करत पाऊण तास गेला. पिंजू उठून आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिचे केस खांद्यावर पडलेले होते. नुसते पडलेले, गप्प. बाईंनी तिला पहिल्या ओळीत घेतलं. त्या दिवशी एकाही मुलीने तिला पिंजू म्हटलं नाही.

पुढे आईला या गोष्टीचा फार पश्चात्ताप झाला, कारण पोरीने मग दर रविवारी धोशा लावला. "मी घरी येऊनही इस्त्रीच करू का?" आई वैतागायची, आणि करायची. ती एकदाच म्हणाली, "चादरीला सुरकुती नको हे मला कळतं. तुझ्या डोक्याला का नको, ते मात्र मला कधी कळलं नाही."

शाळा संपल्यावर पिंजूने पार्लरचं काम शिकून घेतलं. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. पार्लरच्या मॅडमनी सहा महिन्यांत ओळखलं की या मुलीचा राठ केसांवर हात बसलेला आहे. बाकीच्या मुली असे केस दिसले की एकमेकींकडे बघायच्या आणि चहाला पळायच्या. पिंजू पुढे यायची. क्रीम किती मिनिटं ठेवायचं, कुठल्या केसाला किती ताप सोसतो, हे ती बट बोटांत धरून सांगायची. पहिल्यांदा तिने स्वतःच्याच केसांना सरळ करायचं औषध लावून घेतलं आणि मग दर दहा आठवड्यांनी मुळं सरळ करून घेऊ लागली. नव्या ठिकाणी तिचं जुनं नाव कुणाला माहीत नव्हतं. तिने कळू दिलं नाही.

औषधाच्या वाफेने डोळे चुरचुरायला लागले म्हणून ती रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात गेली. डोळे तपासणारा तरुण शांत, कमी बोलणारा होता. त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, एकामागून एक भिंगं बदलली, आणि फ्रेम काढताना म्हणाला, "तुमचे केस किती शांत आहेत. बाकी बायकांचे या स्क्रूमध्ये अडकतात."

तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तरी ती पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायला गेली. वर्षभरात लग्न ठरलं.

लग्नाआधी ती आईकडे गेली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली. आईनेच विचारलं, "रुमाल बांधून येऊ का डोक्याला?"

"बांधशील?"

"बांधीन की. लग्नात बुजगावणं कशाला." आई हसली. पिंजूही हसली. आई लग्नात निळा रुमाल कपाळापर्यंत ओढून बसली होती. सासूबाईंनी विचारलं, "सर्दी झालीय का विहीणबाईंना?" पिंजू म्हणाली, "हो, थोडी."

सासरचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना टापटीप लागे. न्हाणीघरात गळालेला एक केस दिसला तरी त्या तो चिमटीत धरून बाहेर यायच्या, "हा कुणाचा?" पिंजू सगळ्यांच्या आधी उठायची, कडी लावून केसांवर गरम पट्टी फिरवायची आणि मग चहा टाकायची. केस कधी घरी धुतले नाहीत, पार्लरमध्येच धुवायची. हवा दमट असली की डोकं दुखतंय म्हणून बाहेर जाणं टाळायची. नवऱ्याने एकदा समुद्रावर जाऊ म्हटलं, तर खाऱ्या हवेने अंगावर पुरळ येतं म्हणून सांगितलं. तिला कधी कुठलं पुरळ आलेलं नव्हतं.

आई पहिल्या वर्षात दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा उकाडा भयंकर होता. दुपारी आई तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, डोकं शिजतंय. जरा धुऊन घेऊ का?"

"इथे नको आई."

आईने तिच्याकडे बघितलं, "बरं" म्हणाली, आणि संध्याकाळची बस होती ती सोडून चारचीच पकडली. त्यानंतर आईचा फोन यायचा, "येऊ का गं दोन दिवस?" तेव्हा घरात कधी रंगकाम निघालेलं असायचं, कधी पाण्याची टंचाई असायची. थोड्या दिवसांनी आईच आधी सांगून टाकायची, "माझे गुडघे धरलेत बाई, मला काही प्रवास जमायचा नाही." पिंजूला हायसं वाटायचं. सासूबाई मात्र मनाला लावून घेत. "आमच्याकडे पाणी प्यायलाही येत नाहीत विहीणबाई. आमचं काय चुकलं?"

पिंजूला दिवस गेले. मॅडमनी नऊ महिने औषधाला हात लावायचा नाही अशी तंबी दिली. मुळं वाढत गेली. वरचे केस फुगलेले आणि खाली लोंबणारे सरळ, असं विचित्र डोकं झालं. ती पाणी लावून अंबाडा घट्ट आवळायची. शेवटच्या दोन महिन्यांत पहाटे उठून उभं राहणं होईना, तेव्हा डोक्याला फडकं बांधून वावरली. नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही, असं तिला वाटलं.

मुलगी झाली. जन्मतः डोक्यावर काळीभोर मऊ लव होती आणि पिंजूने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. पण दीड वर्षांत लव गेली आणि जे उगवलं ते आजीसारखंच राठ, फुललेलं होतं.

तेव्हाही ती लेकीला घेऊन आईकडे जायची. बसने दोन तास लागायचे. आई नातीला मांडीवर घेऊन वेडी व्हायची. पोर अडीच वर्षांची असताना आईने तिला आरशासमोर उचलून धरलं, आपलं डोकं तिच्या डोक्याला टेकवलं आणि म्हणाली, "बघ, हे तुझे. हे माझे. काय फरक आहे सांग." पोर खिदळली. परतताना बसमध्ये तिने एकच घोकलं, "आजीचे माझे सारखे. आजीचे माझे सारखे." शेजारची बाई कौतुकाने हसली. पिंजूने पोरीच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. घर येईपर्यंत पोर झोपी गेली, आणि पिंजूने मनाशी ठरवलं की आता पुन्हा तिकडे न्यायचं नाही. पोर बोलायला लागली होती.

त्याच वर्षी एकदा नणंद जेवायला आली होती. भाचीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "वहिनी, हॉस्पिटलात अदलाबदल तर नाही ना झाली?" आणि स्वतःच हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

"आमच्याकडे तर कुणाचेच असे नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आहेत का गं कुणाचे?"

नवरा जेवायचा थांबला आणि तिच्याकडे बघू लागला. पिंजू भात वाढत होती.

"नाही," ती म्हणाली. "इथलं पाणी जड आहे. त्याने होतं."

नवऱ्याने ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. त्या न बोलण्याने तिची झोप उडाली. याच्या मनात आलं तरी काय? आणि आता खरं सांगावं, तर आधी 'नाही' का म्हणालीस, याला काय उत्तर देणार?

एक नाही म्हटलं आणि पुढची चार वर्षं त्याच्या मागे धावण्यात गेली. आईचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन बोलायची. "तिला दे ना जरा," आई म्हणायची. "झोपलीय," ही म्हणायची. पोर आत उड्या मारत असायची आणि तो आवाज आईला ऐकू जात असणार. एकदा आई इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "मी काय म्हणते, मी केस काढूनच टाकले तर? अगदी बारीक. मग येऊ का?"

"काहीतरीच काय आई," ती म्हणाली.

"नाही, सहज विचारलं. आता या वयात कुणाला काय."

"नको."

"बरं," आई म्हणाली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

इकडे लेकीच्या डोक्याशी रोज सकाळी लढाई चालायची. पाणी, क्रीम, कंगवा, रडारड. पिंजू वेणी इतकी ओढून घालायची की पोरीच्या भुवया वर जायच्या. पोर सहा वर्षांची झाली त्या वर्षी नणंदेच्या घरी लग्न निघालं. सासूबाई नातीकडे बघत म्हणाल्या, "हिला अशीच नेणार का चार लोकांत?" त्या तेवढंच म्हणाल्या आणि कपड्यांच्या घड्या करू लागल्या.

पार्लरला सुट्टी होती त्या दिवशी पिंजू किल्ली घेऊन लेकीला तिथे घेऊन गेली. लहान मुलांना हे औषध लावायचं नाही हे मॅडमनी कितीदा बजावलं होतं, आणि पिंजू स्वतःच नव्या मुलींना ते बजावत असे. बाहेरून कुणी बघू नये म्हणून तिने खिडक्या बंद ठेवल्या. खुर्चीवर दोन उशा टाकून लेकीला बसवलं, हातात चित्रांचं पुस्तक दिलं.

"आई, डोळे झोंबतात."

"मिटून घे. झालंच."

"आई, इथे कानामागे गरम लागतंय."

"हलू नकोस," पिंजू म्हणाली.

पोर शहाण्यासारखी बसली. नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हलली नाही. क्रीम धुतल्यावर उजव्या कानामागची कातडी लाल होऊन वर आलेली दिसली. पिंजूने तिथे मलम लावलं आणि वर केस सोडले. केस मात्र अप्रतिम झाले होते. लग्नात सगळ्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आली." पोर हसत नव्हती. कानाला हात लागू नये म्हणून मान वाकडी करून बसली होती.

तिसऱ्या आठवड्यात केस तुटायला लागले. आधी उशीवर दोन-चार, मग कंगव्यात झुबके. कानशिलापाशी बोटभर रुंदीचं टक्कल पडलं. कानामागचा फोड चिघळला. पोरीला ताप भरला तेव्हा नवऱ्याने तिचे केस बाजूला केले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"तुझ्या आईला विचार."

"मी तुला विचारतोय," तो हळू आवाजात म्हणाला. त्याने पोरीला उचललं आणि डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या दिवसापासून लेकीचे केस तो विंचरू लागला, जे काही उरले होते ते. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्यावर तेल घेऊन, एकेक बट हातात धरून. पिंजू कंगवा घेऊन जवळ आली की पोर उठून बापामागे जायची.

त्यानंतर दोन महिन्यांनी लाँड्रीतल्या एका बाईचा फोन आला. आई चार दिवसांपूर्वी इस्त्रीच्या टेबलाशीच कोसळली होती, पिंजूचा नंबर आता सापडला होता. अर्धं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती.

पिंजू एकटी निघायला लागली. नवऱ्याने चपला घातल्या. तिने "नको, मी बघते" म्हटलं, तेव्हा त्याने लेकीलाही चपला घातल्या. सासूबाई दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या. "सात वर्षं विहीण मला परकी समजली," त्या म्हणाल्या. "आता तरी मला येऊ दे."

वॉर्डात आईची खाट कोपऱ्यात होती. पिंजूने आईला चार वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, आणि रुमाल नव्हता. चार दिवस कुणी विंचरले नव्हते. उशी झाकून खाटेच्या दोन्ही बाजूंना पसरले होते. नर्स म्हणाली, "फार गुंता झालाय. तुमची हरकत नसेल तर कापून टाकते."

आईने डोळे उघडले. आधी पिंजू दिसली, मग तिच्यामागे जावई, मग सासूबाई. आईचा डावा हात चालत होता. त्या हाताने तिने छातीवरची चादर धरली आणि वर ओढायला सुरुवात केली. हनुवटीपर्यंत आली, मग अडकली. तिने पुन्हा हिसका दिला आणि चादर कपाळावर, केसांवर घेतली.

"थंडी वाजतेय का आजी?" नर्सने विचारलं.

पोर खाटेच्या दांडीवर चढून वाकून बघत होती. चादरीखालून केस बाहेर आले होतेच. ती म्हणाली, "माझे आधी होते तसे आहेत."

सासूबाईंनी पिशवीतून आपला कंगवा काढला, स्टूल ओढून घेतलं आणि आईच्या डोक्यावरची चादर हळूच मागे केली. "कापायचे नाहीत," त्या नर्सला म्हणाल्या आणि टोकांकडून गुंता सोडवायला लागल्या. तासभर सोडवत होत्या. आई डोळे मिटून पडली होती. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं.

बाहेर आल्यावर सासूबाई पिंजूला म्हणाल्या, "एवढ्यासाठी?"

पिंजू जिन्याकडे वळली.

"मी तुला विचारलं होतं. समोरासमोर विचारलं होतं."

"तुम्ही ज्या सुरात विचारलंत..."

"सूर माझा वाईटच आहे, जन्मापासून. पण 'नाही' तू म्हणालीस." त्या पिशवी उचलून नातीजवळ जाऊन बसल्या.

नवरा जिन्याशी उभा होता. पिंजू त्याच्याजवळ गेली. "तुला आता कळलं," ती म्हणाली.

"मला तेव्हाच कळलं होतं. हिच्या वेळी, तुझं पोट मोठं होतं तेव्हा. फडकं बांधून फिरायचीस, पण झोपेत सुटायचं ना ते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला नको होतं म्हणून. मला वाटलं, सांगेल कधीतरी. त्या दिवशी आईने ताईसमोर विचारलं तेव्हा वाटलं, आता सांगशील. तू पाण्याचं काहीतरी सांगितलंस." तो थांबला. "आणि तुझ्या आईंचं... मला वाटलं तुमचं दोघींचं भांडण आहे. मायलेकींच्या भांडणात मी कशाला पडू."

"तू म्हणाला होतास मला. पहिल्याच दिवशी. तुमचे केस किती शांत आहेत म्हणून."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मी असं म्हणालो होतो?"

तिला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की जिन्यावरून ढकलून द्यावं. तो तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणालो असेन. गिऱ्हाइकाला काहीतरी बोलतोच माणूस."

आई आणखी सहा दिवस होती. पिंजू रोज खाटेशी बसायची. भेटीच्या वेळेला ती एकटीच असली, दुसरं कुणी नसलं, तरी तिची चाहूल लागली की आईचा डावा हात चादर शोधायचा. "राहू दे ना आई. कुणी नाहीये," पिंजू म्हणायची. चादर तरी वर जायची. आईला ऐकू येत होतं की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सातव्या दिवशी सकाळी ती गेली. माफी मागायची तर ती कशी मागायची, हे पिंजूला त्या सहा दिवसांत उमगलं नाही, आणि मग विचारायला कुणी उरलं नाही.

लेकीचे केस हळूहळू परत आले. तसेच आले, राठ आणि फुललेले. कानामागे नखाएवढी जागा मात्र चकचकीत राहिली, तिथे काही उगवलं नाही. पोर आता नऊ वर्षांची आहे. पिंजूशी वाईट वागत नाही, उलट उत्तर देत नाही, फक्त डोक्याला हात लावू देत नाही. एकदा झोपेत पिंजूने हात ठेवला तर झोपेतच तिने मान काढून घेतली.

पिंजूने स्वतःचं औषध सोडायचं ठरवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुझेच केस बघून बायका येतात गं. तूच तसं डोकं घेऊन उभी राहिलीस तर माझ्या दुकानावर कोण विश्वास ठेवेल?" नोकरी घालवणं परवडणार नव्हतं. दर दहा आठवड्यांनी ती मुळं सरळ करून घेते. घरी आता कुणापासून लपवायचं नाही, म्हणून कडी न लावता करते, एवढंच.

मागच्या महिन्यात एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन पार्लरमध्ये आली. कुठल्याशा समारंभात मुलगी नाचणार होती. पिंजूने सांगितलं, लहान मुलांचं आम्ही करत नाही. बाई मॅडमकडे गेली. मॅडम पूर्वी अशा वेळी ठाम असायच्या, पण समोरच्या गल्लीत दुसरं पार्लर उघडलं होतं आणि तिथे सगळं करून देत होते. "सौम्य औषध लाव," त्या म्हणाल्या.

"मी नाही करणार मॅडम."

"राहू दे. नवी मुलगी करेल."

नवी मुलगी महिन्याभरापूर्वी आलेली होती. तिने हातमोजे चढवले, वाटीत क्रीम काढलं आणि मुलीच्या कपाळापासून, अगदी कातडीला टेकवून लावायला सुरुवात केली. मुलीने खुर्चीचे हात घट्ट धरले. पिंजू मागच्या नळावर टॉवेल धूत होती. तिने आरशातून ते बघितलं. मग हात पुसून पुढे आली आणि नव्या मुलीच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"सरक," ती म्हणाली. "मी करते."

आधी लावलेलं क्रीम तिने ओल्या कापसाने टिपून काढलं. कपाळाच्या कडेला, कानांमागे, मानेवर मलमाचा जाड थर दिला. दोन्ही खिडक्या उघडल्या, पंखा मुलीच्या तोंडाकडे वळवला. औषध मुळांपासून दोन बोटं सोडून लावलं आणि घड्याळाकडे बघत दर मिनिटाला विचारत राहिली, कुठे गरम लागतंय का, झोंबतंय का. निम्म्या वेळातच धुऊन टाकलं. केस पूर्ण सरळ झाले नाहीत, पण बरेच खाली बसले. कातडीला कुठेही काही झालं नाही. मुलीने आरशात बघून डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केलं आणि लाजून हसली.

बाई खूश होती. निघताना तिने पिंजूला विचारलं, "तुमचा हात किती हलका आहे. मुळं वाढली की तुमच्याकडेच आणू ना? साधारण कधी?"

पिंजूने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"दहा आठवड्यांनी," ती म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.